बिनखिशाचा गणवेश

१२ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आम्ही सगळे इथे खुशाल आहोत, म्हणजे कालपर्यंत होतो. काल तुझा मामा आला आणि चहाचा कप हातात घेता घेता म्हणाला की भाचीबाईंना तिकडे कपड्यांच्या दुकानात पाहिलं. मी म्हटलं, घेत असेल काहीतरी. तर म्हणाला, घेत नव्हती, विकत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तुझ्या आईला सगळं आधीपासून माहीत! कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी जाते म्हणे, चांगले कपडे घ्यायचे आहेत म्हणून. टेलरच्या मुलीला कपड्यांसाठी नोकरी करावी लागते, हे कळलं तर गिऱ्हाइकं माझ्या तोंडावर हसतील. मी शिवलेल्या कपड्यांना काय धाड भरली आहे? एकाची टीप उसवली असेल तर आणून दाखव. कॉलेजात डोक्यात काय घालायचं ते बघावं, अंगात काय घालायचं ते नव्हे.

नोकरी ताबडतोब सोड आणि उलट टपाली तसं कळव. वेळेवर जेवत जा, असं तुझी आई म्हणते. तेवढ्यापुरतं आमचं एकमत आहे.

तुझा,
रागावलेला बाबा

१८ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही शिवलेल्या कपड्यांना धाड भरत नाही, तेच तर दुखणं आहे. ते फाटतच नाहीत! खाकी ड्रेस बसचालकांच्या गणवेशातून उरलेल्या कापडाचा, राखाडी पहारेकऱ्यांच्या, निळा शाळेच्या. कॉलेजच्या फाटकावरचे पहारेकरी काका परवा मला म्हणाले की पोरी, आपण दोघं एकाच खात्यातले. चांगल्या मनाने म्हणाले हो, पण मागे माझा अख्खा वर्ग उभा होता. त्या दिवसापासून मी 'हवालदार'. वर्गात प्रश्न विचारायला हात वर केला की कुणीतरी सलाम ठोकतं. म्हणून आता मी हात वर करत नाही.

आणि डोक्याचं मला सांगता? 'आधी कोट बोलतो, मग माणूस' ही पाटी दुकानावर कोणी लावली? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला एक पिवळा ड्रेस हवा आहे, कुठल्याच खात्यात नसलेला पिवळा, आणि तो मी माझ्या कष्टाने घेणार. अभ्यासात मागे पडले तर खुशाल कान उपटा.

मामाने दुकान कुठलं ते सांगितलेलं दिसत नाही. तुम्ही शिवलेले गठ्ठे जिथे येतात, तेच. विक्रीच्या मुलींना गणवेश असतो. माझ्या हातात दिला तेव्हा काजाच्या टोकाला दोनदा फिरवलेला दोरा पाहिला आणि लगेच ओळखलं की हात तुमचा. म्हणजे इथेही मी खात्यातच! पण बाबा, त्याला एकही खिसा नाही. का नाही, ते कधी विचारलंत?

आईला नमस्कार. राग ओसरला की उत्तर पाठवा, नाही ओसरला तरी पाठवा.

तुमची,
भिंगरी

२३ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

राग ओसरलेला नाही.

गिऱ्हाईक म्हणालं कॉलर हवी, की कॉलर लावायची. म्हणालं खिसा नको, की नाही लावायचा. मी माप विचारतो, कारण विचारत नाही. त्या दुकानाच्या कामावर आपलं दुसरं मशीन चालतं आणि कारागिराचं घर चालतं. तेव्हा तिथे उगाच नाकाने कांदे सोलू नकोस.

पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे, घरच्यांसाठी नाही. पिवळा गणवेश जगात कोणी शिवून घेत नाही, म्हणून पिवळं कापड उरत नाही, यात माझा काय दोष? सलाम ठोकणाऱ्यांची नावं मात्र कळव. आणि हात वर करत नाहीस हे मला अजिबात चालणार नाही. तुला तिथे पाठवलंय कशाला मग?

तुझा,
बाबा

२ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी कारण मी सांगते. दुकान बंद व्हायच्या वेळी आम्हा मुलींना रांगेत उभं करून आमची झडती घेतात. खिसा नसला की चोरलेलं लपवायला जागा उरत नाही म्हणे! पण रुमालालाही जागा उरत नाही. मला सर्दी झाली होती, म्हणून काल तो मी बाहीत खोचला होता. मॅनेजरने माझा हात धरला, बाहीतून रुमाल ओढून काढला आणि सगळ्यांसमोर झटकून पाहिला. शेवटची गिऱ्हाइकं अजून आतच होती. सर्दीच्या रुमालाचं जे झालेलं असतं ते सगळ्यांनी पाहिलं. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

नोकरी सोडत का नाही, असं विचाराल. इतकं सोसल्यावर ड्रेस न घेता कशी सोडू? महिना भरत आला आहे. पण मी चोर नाही, बाबा. आणि ज्या गणवेशात मला चोर समजतात, तो तुम्ही शिवलाय. हे मनात येतं तेव्हा मला तुमचाही राग येतो. आजच्या पत्रात बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

भिंगरी

७ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं. मी मशीनवर होतो, पुढ्यात त्याच दुकानाचा नवा गठ्ठा होता. रुमालाशी आल्यावर तिला पुढे वाचवेना. मग पत्र मी घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

माझ्या मुलीच्या बाहीला हात घालतो? चोरांना पकडायचं तर पहारा ठेव म्हणावं, पोरींची अब्रू कशाला चव्हाट्यावर आणतोस? कारण विचारायला हवं होतं मी, आणि त्याच्या तोंडावर विचारायला हवं होतं.

सगळ्या गणवेशांना दोन्ही बाजूंना खिसे लावलेत. मनगटापर्यंत हात जाईल असे खोल. कारागीर म्हणाला की मालक, काम हातचं जाईल. मग तोच उरलेले खिसे कापायला बसला. गठ्ठा आज रवाना झाला. सर्दीवर वाफ घे.

तुझा,
बाबा

१४ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गठ्ठा उघडला आणि मुली वेड्याच झाल्या. दोन्ही हात खिशात घालून दुकानभर येरझारा घालत होत्या. एकीने तर आपला कंगवा, रुमाल, चाव्या सगळं एकाच खिशात कोंबलं. मॅनेजर आला आणि लालबुंद झाला. सगळ्यांसमोर माझ्या हातात सुईदोरा देऊन म्हणाला की टेलरची मुलगी ना तू, बस आणि सगळे खिसे शिवून बंद कर, नाहीतर चालती हो.

मी त्याला सांगितलं की मला शिवता येत नाही.

तुमच्या मशीनखाली रांगत वाढलेली मी! पण इतक्या सरळ तोंडाने बोलले की क्षणभर मलाच ते खरं वाटलं. अर्थात, चालती झाले. हाती आलेल्या पगारात ड्रेस बसत नाही. येताना तो काचेमागे टांगलेला दिसला आणि मला रडू आलं, ते तुमच्यापासून कशाला लपवू?

आज खाकी घालून वर्गात गेले आणि हात वर केला. एकाने सलाम ठोकलाच. मी त्याच्याकडे पाहत थांबले, तो हात खाली घेईपर्यंत. मग माझा प्रश्न विचारला, अगदी शेवटपर्यंत.

आता तुम्हाला दुकानाचा निरोप येईल. दुसऱ्या मशीनचं आणि कारागिराचं मला समजतं. तुम्ही जे कराल त्यावर मी रुसणार नाही.

तुमची,
भिंगरी

२१ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुला शिवता येत नाही हे वाचून तुझी आई दिवसभर हसत होती, आणि मधूनच डोळे पुसत होती.

दुसरी नोकरी बघायची असेल तर बघ. माझा विरोध आहे असं समज आणि बघ. पिवळा घे, नाहीतर जांभळा घे, पण जिथे झडती घेतात तिथे पुन्हा उभी राहू नकोस.

दुकानाचा माणूस काल गठ्ठा परत घेऊन आला. खिसे बंद करून दिले तर वर्षभराचं काम, नाहीतर आजपासून संबंध संपला, असा साहेबांचा निरोप होता. कारागीर मशीन थांबवून माझ्याकडे बघत राहिला. मी त्या माणसाला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की साहेबांना म्हणावं, आमच्याकडे खिसे लावून मिळतात, बुजवून मिळत नाहीत.

तुझा,
बाबा