झरमीनाचा एक कुर्ता

ती. आशाताईंना शांती नगरहून सुचेताचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? नाशिकची थंडी त्यांना सोसत नसणार. इकडे सगळे धडधाकट. तुमचे बंधू सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यापासून जेवायला वाढ हेसुद्धा नोटीस काढल्यासारखं सांगतात.

आमच्या हॉलमध्ये फॅशन शो झाला. हसू नका, मीही चालले (कुर्ता ढगळ, पाठीला अकरा टाचण्या). एका संस्थेला निर्वासित बायकांची कला जगवायची होती आणि माझ्या शिवणक्लासात तशी एक होती, झरमीना. मूळ कंदाहारची; लेकीला घेऊन आमच्याच बी विंगमध्ये भाड्यानं राहते. तिकडच्या भरतकामाला खामक म्हणतात. कापडाचा धागा न् धागा मोजून रेशमानं इतकं बारीक भरते, की सुलट बाजू कुठली ते मला शोधावं लागतं. अशा बाईला मी तीन महिने ब्लाउजना हुक लावायला बसवलं होतं. (तुला काय येतं, हे विचारायचं राहूनच गेलं.)

संस्थेची अनुष्का आली. तिला पंधरा दिवसांत चौदा कुर्ते हवे होते. झरमीना म्हणाली, एकालाच दोन महिने लागतात. एक होत आलाय, तो पुरा करून देते. अनुष्कानं मान डोलावली, नक्षीचा फोटो काढला आणि उरलेले तेरा भाईंदरच्या एका मशीनवाल्याकडून भरून आणले. वर फलक लावला, ‘शंभर टक्के हातकाम’. झरमीना त्या दिवशी तिचा चांगला हिरवा पोशाख घालून आली, तर तिला साधा घालून यायला परत पाठवलं. निर्वासित दिसत नव्हती म्हणे. मग स्टेजच्या कोपऱ्यात भरतकामाची रिंग हातात देऊन बसवलं.

शेवटी अनुष्कानं माइक पुढे करून विचारलं, तिकडे काय सोडून आलात? बायकांनी रुमाल काढलेच होते.

झरमीना शांतपणे म्हणाली, "दुकान. ग्यारह लडकियाँ मेरे पास काम करती थीं. ये तेरह कुर्ते मैं उनसे उधेडवा देती."

टाळ्या कडाडल्या. त्या आधीच ठरलेल्या होत्या, ऐकलं कोणीच नाही.

पेपरात तिचा फोटो आला, खाली ‘अफगाण निर्वासित’. तोवर बी विंग तिला काश्मिरी समजत होती. रविवारी त्याच हॉलमध्ये मीटिंग झाली (रॅम्पचं लाल कार्पेट अजून उचललेलं नव्हतं). तिचे कागद चोख आहेत, पोलिसांकडे नोंद आहे. तरी ठरलं, की घरमालकानं महिन्याभरात घर रिकामं करून घ्यावं. टाळ्या वाजवणारे बहुतेक सगळे हजर होते. मी तिला सांगितलं तेव्हा तिनं हातातला टाका आधी पुरा केला. मग एवढंच विचारलं, की मुलीची नववीची परीक्षा त्याआधी होईल का. होत नाही, ताई.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना शेक देत जा.

तुमची,
सुचेता

ता. क. जेसल पार्कचा तुमचा फ्लॅट दोन वर्षं बंद आहे. तो झरमीनाला द्याल का? हे पत्र एवढ्यासाठीच.

आणखी एक. उत्तर क्लासच्या पत्त्यावर पाठवा. नोटिशीवर पहिली सही तुमच्या बंधूंची आहे.

आणि हेही लिहूनच टाकते. कोणाची हरकत आहे का, असं ह्यांनी मीटिंगमध्ये दोनदा विचारलं. मी दुसऱ्या रांगेत होते. माझे दोन्ही हात मांडीवर होते.