स्कॉटिश माणसाला बाण मारण्याचा कायदा

प्रिय इशबेल,

आज मी भर रस्त्यात भांडले. होय, मीच, आणि तेही घरातल्या सपाता घालून! तुझ्या भावाच्या खिडकीखाली रोज पर्यटकांचा घोळका थांबतो. त्यांचा नवा वाटाड्या क्रिस्पिन टोपीत पीस खोचून फिरतो. अगं, आमच्या यॉर्कमध्ये सांगण्यासारखं खरं काय कमी आहे? इथे रस्त्याला 'गेट' म्हणतात नि वेशीला 'बार'. सगळ्यात आखूड गल्लीचं नाव सगळ्यात लांब. जुन्या यॉर्कशरचे भाग तीन: उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिणेचा पत्ताच नाही! पण ते सोडून हा रोज गळा काढतो, "मंडळी, तटाच्या आत स्कॉटिश माणूस दिसला तर खुशाल बाण मारा! कायदाच आहे आमचा!" की पिकला हशा. असला कायदा नाही म्हणजे नाही. शुद्ध थाप!

पूर्वी लॉकलनही, स्वतः स्कॉटिश असून, हसायचा. आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी हाच विनोद केला, तेव्हा बाण लागल्याचं सोंग करत छाती धरून टेबलाखाली कोसळला होता, आठवतं? पण विसरभोळेपणाचा हा आजार जडल्यापासून त्याला थट्टा कुठली नि खरं कुठलं, उमगत नाही. खाली आवाज आला की पडदे ओढतो. परवा तर पलंगामागे लपलेला सापडला.

म्हणून आज खाली उतरले. म्हटलं, "बंद कर हे. वर एक म्हातारा जीव मुठीत धरून बसलाय." तर म्हणतो, "आजीबाई, गंमत असते हो! लोक त्यासाठीच येतात." मग मात्र माझं डोकंच फिरलं. "तुझ्या गमतीसाठी रोज माझाच नवरा मारायचा का रे?" शेवटी टोपी काढून पुटपुटला, "बरं, उद्यापासून पुढच्या कोपऱ्यावर थांबतो." मोठे उपकारच की!

पण व्हायचं ते होऊन गेलंय, इशबेल. परवापासून लॉकलन बोलतच नव्हता. मला वाटलं, आजार बळावला. आज वर येऊन सांगितलं, तो मेला वाटाड्या गेला एकदाचा. तेव्हा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "डोरीन, बोललो तर ओळखतील." ज्या स्कॉटिश बोलीवर मी भाळले, ती तो माझ्याच घरात लपवतोय गं! माझ्या यॉर्कशरी तोंडाने मी काय समजूत घालणार? तू ये. तिकडे स्कॉटलंडात ओबानच्या धक्क्यावर बोलतेस तशीच, खणखणीत बोलत ये, आख्ख्या गल्लीला ऐकू जाऊ दे.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
डोरीन