गेटावरची चौथी

सोमवार, ३ सप्टेंबर
मला नोकरी लागली! वय अडुसष्ट, शिक्षण तिसरी, तीही अर्धी, आणि नोकरी. नातीच्या जुन्या वहीत मुद्दाम तारीख घालून लिहून ठेवतेय.

झालं असं, की नातीच्या शाळेच्या गेटाला नवा बोर्ड लागला. वरून हुकूम आलाय म्हणे, की प्रत्येक शाळेनं वॉचमन किती मंजूर आणि किती हजर ते आईबापांना दिसेल असं लिहायचं. बोर्डावर लिहिलंय, मंजूर ४, हजर ४. आकडे मला येतात. मी मोजले. मिशीवाला एक, उंच दोन, मागच्या गेटावर बसल्या बसल्या घोरतो तो तीन. मिशीवाल्याला विचारलं, अरे, चौथा कुठाय? म्हणाला, आजी, तो तर मे महिन्यातच सोडून गेला. आता चौथ्या तुम्हीच. रोज दोन ते पाच या खुर्चीवर दुसरं कोण बसतं? आणि हसला. माझ्यासाठी आनंद झाला असणार त्याला. माणूस मनाचा चांगला, फक्त मिशी उगाच ठेवलीय.

अगदी वेळेवर लागली नोकरी. सतरा तारखेपासून नात व्हॅननं येणार-जाणार. सूनबाई म्हणते, आई, आता तुम्हाला गेटावर ताटकळायला नको, थोडे दिवस ताईंकडे राहून या. ताई म्हणजे माझी लेक, सात तासांवर राहते. थोडे दिवस म्हणते आणि बॅग काढलीय ती सगळ्यात मोठी. आत माझा थंडीतला स्वेटरसुद्धा घातलाय. आत्ता, सप्टेंबरात! शिवाय काल माझ्या खोलीत टेप घेऊन काहीतरी मोजत होती. नातीला अभ्यासाचं टेबल हवंय म्हणे.
पण नोकरी टाकून कुणी जातं का? स्वेटर काढून कपाटात ठेवला.

मंगळवार, ४ सप्टेंबर
घरात सांगितलं. मुलगा मोबाईलमधून वर न बघता हं म्हणाला. म्हणजे परवानगी. सूनबाई म्हणाली, आई, वॉचमनला पळता यावं लागतं. मी म्हटलं, आमचे तिघं तरी कुठे पळतात?
निश्चय. रोज सकाळी चालायचं. शिट्टी घ्यायची. गुडघ्याचं नाव काढायचं नाही.

गुरुवार, ६ सप्टेंबर
चालले नाही. गुडघा.
शिट्टी दुकानात नव्हती, नातीच्या खेळण्यातली घेतली. ती बदकासारखी वाजते, पण चोराला काय कळतंय.
आज एकाला अडवलं. हातात लांब पाइप. म्हटलं, हे घेऊन मुलांत जायचं नाही. तो म्हणाला, आजी, मी प्लंबर. म्हटलं, चोर काय चोर म्हणून सांगतो का? गेला परत. मग शाळा सुटेपर्यंत पाणी नव्हतं. असेना का. सुरक्षा ती सुरक्षा.
स्वेटर परत बॅगेत होता. पुन्हा काढला.

सोमवार, १० सप्टेंबर
आज तर कमालच झाली. शिक्षण ऑफिसातून साहेब आले. बोर्डावरचे वॉचमन खरंच आहेत का ते मोजायला. मिशीवाला साहेबांना बघून एकदम पांढराफटक पडला. घाबरट कुठला! मी पुढे झाले. साहेबांना तिघं दाखवले, घोरणाऱ्याला हलवून उठवला, आणि म्हटलं, चौथी मी. साहेब म्हणाले, तुम्ही? म्हटलं, दोन ते पाच. युनिफॉर्म विचारला, म्हटलं शिवायला टाकलाय. ट्रेनिंग विचारलं, म्हटलं तीन पोरं वाढवली. मग बदक वाजवून दाखवलं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, दोन पानं! शिफारसच असणार. माणूस उगाच दोन पानं कशाला लिहील?

गुरुवार, १३ सप्टेंबर
मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. मला बघून त्या इतक्या भारावल्या की दोनदा पाणी प्यायल्या. म्हणाल्या, आजी, तुम्हाला कुणी सांगितलं हे? मिशीवाल्याचं नाव घेतलं. चांगल्या माणसाचं नाव वर जायला नको का?
मिशीवाल्याला मागच्या गेटावर टाकलं. तिकडे सावली आहे, बढतीच म्हणायची. मी सांगायला गेले तर म्हणाला, आजी, मी थट्टा केली होती हो. आता माझ्याच पोटावर पाय आलाय. आणि तोंड फिरवून बसला. उन्हानं डोकं दुखत असेल.
उन्हानं कसं दुखेल? आत्ताच तर सावली लिहिलंय. जाऊ दे.
बोर्ड बदलला. मंजूर ४, हजर ३, रिकामी जागा १. मोठ्या बाईंनी माझी जागा राखून ठेवलीय. उघड्यावर, सगळ्या गावाला दिसेल अशी!
सूनबाईला सांगितलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. असं ती कधी करत नाही.

सोमवार, १७ सप्टेंबर
नात व्हॅननं गेली. तरी दोनला गेले. ड्युटी आहे.
गेटावर नवा माणूस. कडक इस्त्री, खरी शिट्टी. उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, आजी, कुणाला भेटायचंय? म्हटलं, मी इथलीच. म्हणाला, हो, पण वहीत लिहावं लागतं. आणि मला खुर्ची दिली बसायला. माझीच.
नाव लिहिलं. वेळ त्यानं सांगितली. तिसऱ्या रकान्यात येण्याचं कारण. पेन धरून बसले. मागे लोक थांबले होते. तो प्लंबरही होता पाइप घेऊन. तो म्हणाला, सावकाश लिहा आजी, घाई नाही.
रकाना तसाच सोडून आले. बदक पर्समध्येच राहिलं.

मंगळवार, १८ सप्टेंबर
स्वेटर आज मीच आत ठेवला. तिकडे थंडी लवकर पडते म्हणे.
बस शाळेवरून गेली. सिग्नलला थांबली तेव्हा बोर्ड वाचला. मंजूर ४, हजर ४. खिडकीतून मोजले. उंच एक, नवा दोन, आणि बस वळली तेव्हा मागच्या गेटाशी मिशीवाला आणि घोरणारा.
बरोबर आहेत. चारच आहेत.