उलटी वाट

विंटरस्टेड, नॉरफोक
रविवार, १८ नोव्हेंबर १९७३

प्रिय ब्रेंडा,

तुला आणि मुलांना आमच्या दोघांचे आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. समुद्रावरून असा बोचरा वारा सुटलाय की वाळत घातलेले कपडे ओलेच घरात आणावे लागतात. तुझ्या बाबांच्या बागेतला शेवटचा कोबी मीच काढून घेतला. सिरिल असता तर म्हणाला असता, "एडना, चोरटी कुठली!"

तुझा रेग काका अंगाने ठणठणीत आहे. डोक्याचं तुला माहीतच आहे. टीव्हीवर ती युद्धातल्या होमगार्डची विनोदी मालिका लागायची वेळ झाली की तो दोन खुर्च्या ओढतो, एक स्वतःची, एक तुझ्या बाबांची. "हा लेकाचा सिरिल कधी वेळेवर येईल तर शपथ," म्हणत दाराकडे बघत बसतो. आधी मी सांगायचे, अरे, सिरिल गेला. दर वेळी तो नव्याने रडायचा. आता सांगत नाही.

ती मालिका बघताना दोघं किती हसायचे, आठवतं ना? पडद्यावरच्या म्हाताऱ्यांची फजिती बघून सिरिल म्हणायचा, "रेग, आपण यांच्याहून गाढव होतो रे!" होतेच. दोघंही गावच्या होमगार्डमध्ये, दंडावर पट्टी बांधून, बंदुका येईपर्यंत झाडूचे दांडे घेऊन कवायत करायचे. जर्मन उतरतील म्हणून चाळीस साली रस्त्यांवरच्या पाट्या उपटल्या होत्या आणि अनोळखी माणसाला वाट सांगायची नाही असा हुकूम होता. आपली मंडळी त्याच्याही पुढची. कोणी वाट विचारली की उलटी सांगायची, खाडीकडे धाडायचं. एकदा खुद्द बिशपची गाडी तिकडे धाडली होती आणि बिचारा संध्याकाळपर्यंत चिखलात बसला. हे तू लहानपणी शंभरदा ऐकलंयस.

तू विचारलंस, बाबा गेले त्या दिवशी फोन लगेच केला होता, मग अँब्युलन्सला एवढा उशीर कसा झाला? मी दोनदा उत्तर लिहून फाडलं. एकदा धुक्याचं कारण दिलं, एकदा ड्रायव्हर नवा होता असं लिहिलं. दोन्ही खरंच आहे गं.

त्या दुपारी मी तुमच्या घरी बाबांचा हात धरून बसले होते. रेग आमच्या घरी एकटाच होता. तो कधी बाहेर पडला ते मला कळलंच नाही. ड्रायव्हर परगावचा, आपल्या गल्लीला पाटी नाही. चौकात एक म्हातारा दंडावर जुनी पट्टी बांधून ताठ उभा होता, त्याला त्याने वाट विचारली. ड्रायव्हरच मला सांगत होता, "फार अदबीने बोलले हो ते आजोबा. सलामही ठोकला."

इकडे सिरिल सारखं विचारत होता, "आले का गं?" मी म्हणत होते, येतायत, येतायत. गाडी दारात लागली तेव्हा त्याचा हात गार पडला होता.

त्याला घेऊन ते गेले आणि मग रेग आला. बूट चिखलाने भरलेले, चेहरा नुसता फुललेला. "सिरिल कुठाय? पांढऱ्या गाडीतून आले होते लेकाचे जर्मन! सरळ खाडीत धाडले!"

मी कोणाजवळ बोलले नाही. बोलले तर त्याला माझ्याजवळ राहू देणार नाहीत, ही भीती होती. अजून आहे. डॉक्टर म्हणतात, गाडी वेळेवर आली असती तरी खात्री नव्हती. त्याने माझं समाधान झालं नाही, तुझं कसं होणार? पण तू सिरिलची लेक आहेस. तुला धुक्यावर गप्प बसवणं मला जमेना.

तू चीड, भांड, ज्याला सांगायचं त्याला सांग. मी अडवणार नाही. एवढंच मागते, आलीस तर रेगला काही विचारू नकोस. त्या दिवशी आपण सिरिलला वाचवलं, असं त्याला वाटतं.

अजून काकू म्हणणार असशील तर तुझीच,
एडना काकू