ती बेटावर, पिशवी माझ्याजवळ

१७ ऑगस्ट, रविवार. बोटीवर.
सुमे, मिरजेहून निघताना तू ही वही दिलीस, रोज चार ओळी लिहा म्हणालीस. आज कुठे उघडली. फार उशीर झाला, रागावू नकोस. कावासाकीला तुझ्या भावाच्या घरी हात चालतच नव्हता.
काल योकोहामाहून निघालो. प्रशांतनं आणि मेघनावहिनीनं आमच्यासाठी रजा काढली. बोट म्हणजे लग्नाचं कार्यालय पाण्यावर सोडल्यासारखी. टीव्हीवर दक्षिणेकडे पांढरा भोवरा दाखवतात. प्रशांत म्हणतो, "बाबा, ते वादळ लांब आहे." असेल.
तुझ्या आईला जिन्यात दम लागतो. म्हणते, "पोराला बोलू नका. त्याची रजा नासेल."

१८ ऑगस्ट, सोमवार. सकाळी.
एका बेटापाशी आलोय, धक्का लहान. आमची बोट बाहेरच उभी, छोट्या होडीतून माणसं नेतात. मेघना म्हणाली, "बाबा, बोटीचं कार्ड गळ्यात अडकवा, नाहीतर परत घेणार नाहीत." तर ही म्हणते, "बरंच की! मी एकटी हिंडेन."
आज श्रावणी सोमवार. चहावर आहे. साखर कमी करायची गोळी मात्र सवयीनं घेतली. मी म्हटलं केळं तरी खा. "अहो, गप्प बसा. सूनबाईला सांगाल तर माझी शपथ आहे."
पाणी कालच्यापेक्षा काळं वाटतं. की मलाच...

त्याच दिवशी, संध्याकाळी. बोटीवर.
नीट लिहितो.
बेटावरच्या देवळाच्या पायऱ्यांवर तुझी आई बसली. "इथल्या देवालासुद्धा उंचावरच राहायचंय का हो?" हसली, आणि बाजूला कलंडली. मी शपथबिपथ बघितली नाही, उपवासाचं लगेच सांगितलं. मेघना रडायलाच लागली, "आई, मला का नाही सांगितलंत?"
बेटावर दवाखाना एकच. तरुण डॉक्टर. साखर फार उतरली होती, सलाईन लावलं. डोळे उघडले. पण तो ईसीजीच्या कागदाची पट्टी बघत राहिला. हृदयाचे ठोकेही बरोबर नाहीत म्हणे. कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं. गोळ्यांची पिशवी बोटीवर, केबिनमध्ये. तिनं कुठे खुपसलीय ते मलाच ठाऊक, भाषा मेघनालाही येते. प्रशांत म्हणाला, "तुम्ही दोघं जाऊन या. मी आईजवळ थांबतो."
येताना होडी आपटत होती. दोघातिघांनी धरून मला वर ओढलं.
पिशवी घेऊन खाली आलो तर होडीत उतरायचं दार बंद. तिथल्या माणसानं दोन्ही हातांची फुली करून दाखवली. लाटा वाढल्या, होड्या बंद. मेघना हात जोडून बोलत होती. तो वाकून वाकून माफी मागत होता, पण दार उघडेना. प्रशांतला गोळ्यांचे फोटो पाठवले. एकच टिक.
मग बोट हलली. वादळ वळलंय, इथे थांबता येत नाही. बेटावर राहिलेल्यांची सोय होईल, असं कर्ण्यातून सांगितलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार. समुद्रात.
चौकशीच्या खिडकीवर सांगतात, बेटावर वीज गेलीय. फोन लागत नाही. अजून एकच टिक.
जेवायला गेलो. वेटरनं चार ताटल्या मांडल्या. मेघनानं दोन उचलायला सांगितल्या नाहीत. मीही नाही.
पिशवी मांडीवर घेऊन बसलोय. एरवी तीच मला गोळी काढून देते.

२० ऑगस्ट, बुधवार. कावासाकी.
दुपारी घरी आलो. धक्क्यावर उतरताना प्रशांतचा मेसेज आला. सकाळीच पाठवलेला: "आईला हेलिकॉप्टरनं मोठ्या हॉस्पिटलात नेतायत. मला सोबत घेत नाहीत. तिकडून निरोप आला की कुठे ते कळवतो. बॅटरी संपत आलीय." त्यानंतर काही नाही. मेघना एकेका हॉस्पिटलला फोन लावतेय. "हाय, हाय" म्हणते, म्हणजे त्यांच्या भाषेत हो, हो, आणि ठेवून देते.
सुमे, तुझा फोन आला. "आईला द्या ना." झोपलीय म्हणालो. तू हे वाचशील तेव्हा...
तिला मराठीशिवाय काही येत नाही. पाणी हवंय हे तरी कसं सांगेल? तिच्याभोवती कोण असेल, ते तिला काय म्हणून हाक मारत असतील?
मेघनानं फोन चार्जिंगला लावून माझ्यापुढे ठेवलाय.
प्रशांत, बाळा, कुणाचाही फोन माग. बरं असो, वाईट असो, ती कुठे आहे तेवढं लवकर कळव.