अण्णांचं काट्यांचं आणि आकड्यांचं घड्याळ

अण्णा, तुमचा दमा कसा आहे? तिकडे थंडी असते की नाही, कोण जाणे. आईचे गुडघे आता दुखत नसतील, जिने चढायचे संपले तिचे. आत्याला दिसायला लागलं का? मी बरी आहे. साखर आहे थोडी, पण हात कापत नाहीत, आणि माझ्या कामाला हातच लागतात.

काम म्हणजे जुनी जपानी घड्याळं. वर काटे नि खाली आकडे, तुमच्याकडे होतं तसली. हल्ली सगळे मोबाइलमध्ये वेळ बघतात, म्हणून ती भंगारात येतात. शांती नगरमधला भंगारवाला माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. परवा म्हणाला, “मौसी, काटा चालू है, नंबर मर गया.” मी म्हटलं, घरोघरी तेच असतं रे, दे इकडे. घरी आणून उघडते, आतली रबराची पट्टी पुसते, आकडे उमटले की काटे त्यांच्याशी जुळवते. दोघांना वेगवेगळं लावावं लागतं. एका पोटात राहून एकमेकांचं ऐकत नाहीत. मला कोणी शिकवलं नाही. सुरुवात तुमच्याच घड्याळावर झाली.

तो दिवस अजून दिसतो. भाईंदर पश्चिमेच्या आपल्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून मी ते घासतेय. आकडे पुसट, काचेवर चरे. तुम्ही म्हणालात, “नव्यासारखं कर गो.” जिवापाड जपलेलं, दुबईहून आलेलं घड्याळ माझ्या हाती दिलंत, याचाच मला केवढा आनंद. भाजीच्या सुरीनं झाकण उघडलं, सेल बदलला, काचेला टूथपेस्ट चोळली. माझ्या साखरपुड्यात तेच तबकातून उचलून, खास दुबईहून मागवलंय म्हणत, तुम्ही मुलाच्या मनगटावर बांधलंत, तेव्हा मला कळलं. आई माझ्याकडे बघायचं टाळत होती.

थोड्याच दिवसांत आकडे गेले. मुलानं दुरुस्तीला नेलं, तर झाकणावर सुरीचे ओरखडे आणि कडेला तुमच्या घामाचा मळ. मुलाचे मामा आले. चहाला हात न लावता त्यांनी घड्याळ तुमच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “घड्याळ वापरलेलं निघालं. मुलीचं आता कोणाला विचारायचं?”

घड्याळ माझं, चूक माझी, एवढंच तुम्ही म्हणायचं होतं. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. “हिनं उघडलं. हिला खोडच आहे, हाती येईल ते उघडायची.”

मामा हसले. लग्न मोडलं, आणि त्यांचं ते वाक्य प्रत्येक स्थळाकडे माझ्या आधी पोचायचं. मग स्थळं यायचीही थांबली. तुम्ही मात्र ते घड्याळ माझ्याकडूनच चालू करून घेतलंत आणि पुन्हा मनगटावर बांधलंत. सेल संपला की हात माझ्यापुढे धरायचात. मी बदलायची. शेवटपर्यंत.

तुम्ही गेलात तेव्हा ते चालू होतं. कोणीतरी उतरवून माझ्या हाती दिलं. घड्याळ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगते, संपलेला सेल आत ठेवू नका, तो पाझरतो आणि आतलं सगळं खातो. तुमच्या घड्याळात मी तो तसाच ठेवलाय. अधूनमधून ते ठेवलंय ती डबी उघडून बघते. घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या कडेनं हिरवं फुटायला लागलंय. बरं वाटतं, अण्णा.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही. तरी उत्तर लवकर लिहा. आत काही शाबूत आहे, तोवर.