निरर्थक हालचाल

मंगळवार, संध्याकाळ

मनोविकाराच्या तातडीच्या विभागात आज आठवा दिवस. सकाळी धानोऱ्याकडची एक बाई आली. ती फक्त गोंडी बोलत होती आणि मला गोंडी येत नाही. नवरा मान खाली घालून एवढंच म्हणाला, "चार दिवस झाले, झोपून नाई राह्यली." तिची बोटं मात्र चादरीवर सारखी चालत होती. मी केसपेपरवर लिहिलं, 'हातांची निरर्थक हालचाल.' सरांनी माझ्या अक्षराचं कौतुकही केलं. दुपारी रुग्णवाहिका तिला नागपूरला घेऊन गेली.

नंतर तीच चादर काढताना आयाबाई म्हणाल्या, "ते तेंदूची पानं मोजून राह्यली होती, डॉक्टर. लेकराले झाडाखाली निजवलं. सत्तर पानांचा एवढा पुडा बांधतो अन् येतो म्हणून गेली. वापस आली त लेकराले साप चावला होता. तेच सांगत होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी मले विचारलं कुठी?"

नाहीच विचारलं. दारातच तर उभ्या होत्या त्या.

नागपूरला तीनदा फोन लावला, कुणी उचलत नाही. उचलला तरी तिथे तिच्याशी गोंडीत कोण बोलणार? तिची बोटं तिथेही पानं मोजत राहतील, आणि तिथले डॉक्टर केसपेपरवरचं माझं सुवाच्य अक्षर वाचतील. निरर्थक.